अंगठा आणि वकीलपत्र

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण खरी आहे, पण ती शहाण्यांपुरती आहे. शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत कोर्टाची पायरी चढलेला माणूस बहुधा आपल्या मर्जीने तेथे गेलेला नसतो. हातात समन्स पडले म्हणून तो जातो. किंवा बापाच्या वेळची जमीन सातबाऱ्यावर भलत्याच्याच नावे चढली आहे हे फार उशिरा कळले म्हणून जातो. तेथे गेल्यावर त्याला प्रथम भेटतो तो न्यायाधीश नव्हे, वकील. म्हणजे न्यायाची पहिली कसोटी न्यायासनासमोर लागतच नाही. ती लागते आवारातल्या झाडाखाली, वकिलाच्या टेबलापाशी. त्या टेबलाची नीती कोणती आणि ती कशी घडत गेली, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

श्रोत्यांपैकी जे मुंबईस नोकरीनिमित्त जा-ये करतात, त्यांना सॉलिसिटर हा शब्द परिचयाचा असेल. मुंबई हायकोर्ट १८६२ साली स्थापन झाले. त्याच्या मूळ शाखेत विलायतेच्या धर्तीवर कामाची वाटणी असे: बॅरिस्टर कोर्टात उभा राहून बोलणार, सॉलिसिटर कचेरीत बसून कागद तयार करणार, दस्तऐवज तपासणार, सल्ला देणार, अशिलाचे पैसे सांभाळणार. या सॉलिसिटरांची संस्था, बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी, १८९४ सालची आहे आणि ती आजही सॉलिसिटरची परीक्षा घेते. मात्र १९७६ च्या कायदादुरुस्तीनंतर हा वर्ग कायद्याने निराळा राहिलेला नाही. आपल्या तालुक्यांत ही वाटणी कधीच नव्हती. येथे वकील एकच. तोच कागद करणार, तोच उभा राहणार.

परंतु या दोन कामांची नीती एकसारखी नाही, आणि ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. उभा राहून बोलणारा चुकला तर भर कोर्टात चुकतो; समोर विरुद्ध बाजूचा वकील असतो, वर न्यायाधीश असतो, त्याची चूक दहा माणसे पाहतात. कागद करणाऱ्याची चूक कोणी पाहत नाही. ती त्या कागदात वीस-वीस वर्षे निजून राहते आणि जागी होते तेव्हा ज्याने अंगठा उठवला तो मनुष्य बहुधा मेलेला असतो. म्हणून आज मी बोलणाऱ्या वकिलापेक्षा लिहिणाऱ्या वकिलाबद्दल अधिक बोलणार आहे.

वकील हा शब्द आपल्याकडे आला तो कोर्टातून नव्हे, राजकारणातून. पेशव्यांचा दिल्ली दरबारातला वकील म्हणजे हिंगणे. वकील म्हणजे धन्याच्या वतीने परक्या दरबारात वावरणारा माणूस. त्याच्या चातुर्याची वाखाणणी होत असे खरी, पण पहिली अपेक्षा चातुर्याची नव्हती. तो कोणाचा आहे याविषयी तिळमात्र संशय असू नये, ही होती. न्यायाच्या कामात मात्र मराठी राज्यात पैसे घेऊन बोलणारा असा वर्ग नव्हता. गोतसभेपुढे, मजलशीपुढे वादी-प्रतिवादी आपले तोंडाने सांगत, साक्षी होत, महजर होई. कुणब्याला लिहिता येत नसे. तो सहीच्या जागी नांगराची आकृती काढवी, आणि कागदावर ‘निशाणी नांगर’ असे येई. ती निशाणी दहा जणांच्या देखत होत असे.

एल्फिन्स्टनच्या अमदानीत १८२७ चे रेग्युलेशन झाले आणि सनद घेतलेला वकील कायद्याच्या चौकटीत आला. सनद देणाऱ्या सत्तेला ती काढून घेण्याचाही अधिकार होता. वकील कोणाचा, या प्रश्नाला आता दोन उत्तरे झाली. तो अशिलाचा, आणि काही अंशी कोर्टाचाही. पुढल्या सगळ्या नीतिनियमांचा झगडा या दोन उत्तरांमधला आहे. आपल्या भागात त्यात तिसरे उत्तर शिरले: तो फी देणाऱ्याचा.

ते कसे शिरले हे समजायला हा मुलूख डोळ्यापुढे आणावा लागतो. शहापूर तालुक्याचे जुने नाव कोळवण. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी आणि कुणबी यांची ही वस्ती. पावसाळी भात, आणि वरकस जमिनीवर नाचणी-वरी. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, त्यासाठी रानातला पाला तोडायचा. या राबावर जंगलखात्याने घातलेल्या बंधनांवरून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की सरकारला १८८५ साली खास कमिशन नेमावे लागले. आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपते. मग खावटी काढायची, ती पीक आल्यावर वाढीने फेडायची. कसाऱ्यापर्यंत आगगाडी १८६१ साली पोहोचली. जमिनीला आणि गवता-लाकडाला मुंबईचा बाजार मिळाला, तसा जमिनीच्या कागदालाही भाव आला. तोंडी खावटीचा कर्जरोखा झाला, कर्जरोख्याचे गहाणखत झाले, गहाणखताचे खरेदीखत झाले. रानातला माणूस जेथे होता तेथेच राहिला. कागद तेवढा पुढे पुढे चालत गेला.

आता त्या कागदाच्या जन्माची वेळ पाहा. खोलीत माणसे तीन. जमीन घेणारा, जमीन देणारा आणि कागद करणारा. घेणाऱ्याला वाचता येते, देणाऱ्याला येत नाही. फी घेणारा देतो. देणारा मात्र समजतो की, काळ्या कोटातला हा शहाणा माणूस आपल्या दोघांचा आहे. तो असल्यावर फसवणूक कशी होईल? तो विश्वासाने डावा अंगठा पुढे करतो. नांगराच्या निशाणीभोवती दहा जण असत, अंगठ्याभोवती दोन साक्षीदार असतात, आणि तेही घेणाऱ्याने आणलेले. येथे वकिलाने खोटे असे एक अक्षरही लिहिलेले नसेल. कायद्याने कागद निर्दोष असेल. अपराध असेल तर एवढाच, की ‘मी तुझा वकील नाही, तू तुझा माणूस बघ’ हे एक वाक्य तो बोलला नाही. माझ्या मते कागद करणाऱ्या वकिलाची सगळी नीती या एका न बोललेल्या वाक्यात आहे. बाकीचे नियम त्याचाच विस्तार आहेत.

कायदा करणाऱ्यांना हे दुखणे फार लवकर कळले होते. त्यांनी केलेला उपाय वकीलवर्गाला अभिमान वाटावा असा नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला. तो नीट पाहण्यासारखा आहे: सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर लोकांचा डोळा होता. रोखे, गहाणखते, हुकूमनामे बाहेर काढून जाळले गेले. चौकशी होऊन १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. प्रथम तो पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू होता, पुढे टप्प्याटप्प्याने इलाख्याच्या इतर भागांत गेला. त्यात व्याजाचा हिशेब उलगडून पाहण्याचा अधिकार कोर्टाला दिला होता. आणि खरेदीखत म्हणून लिहिलेला कागद वस्तुतः गहाण आहे की काय हे कागदाच्या शब्दांपलीकडे जाऊन तपासण्याची मुभा १९०७ च्या दुरुस्तीने दिली. परंतु आपल्या विषयाला धरून महत्त्वाचे आहे ते ६८ वे कलम. समेट करणाऱ्या पंचापुढे, गावमुनसफापुढे आणि शंभर रुपयांच्या आतल्या दाव्यांत वकिलाने उभे राहायचे नाही, असे त्याने सांगितले. न्यायाधीशाने कारण पाहून परवानगी दिली तरच उभे राहायचे. लगेच ६९ वे कलम आहे, त्यात सावकाराच्या बाजूने वकील आला आणि शेतकऱ्याला नसला, तर त्याला वकील देण्याची सोय आहे. एका कलमाने वकिलाला दाराबाहेर काढले, दुसऱ्याने गरजेपुरते आत बोलावले.

या कायद्याखालचे खास न्यायाधीश म्हणून १८८७ पासून काम केले ते महादेव गोविंद रानडे यांनी. सुप्याचा उठाव झाला त्याच वर्षी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू करणारेही तेच. तेव्हा अशा व्याख्यानमालेत ऋण आणि कागद यांविषयी बोलणे अप्रस्तुत नाही, एवढे श्रोते मान्य करतील.

वकिलाला दाराबाहेर काढावे लागले याचा अर्थ सगळे वकील सावकाराचे होते असा नव्हे. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, हे वकीलच होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेचे ते आधारस्तंभ. लोकांनी कोर्टात पैसा घालवू नये म्हणून त्यांनी लवाद कोर्टांची चळवळ चालवली. म्हणजे वकिलानेच वकिलाचे काम कमी करण्याचा उद्योग केला. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांच्यावर पुण्यात खटला उभा राहिला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेणे ही सोपी गोष्ट नव्हती. ते घेतले काकांनी. फडक्यांचे सगळे मार्ग त्यांना पसंत होते म्हणून नव्हे. आरोपीला वकील मिळालाच पाहिजे म्हणून. ज्याच्या बाजूने उभे राहिल्याने आपला तोटा होईल, त्याचेही काम नाकारू नये, हा आज वकिलांच्या नियमांत लिहिलेला दंडक आहे. तो लिहिला जाण्याच्या पुष्कळ आधी पुण्यात पाळला गेला होता.

या दुसऱ्या जातीच्या वकिलांत आपल्याच डोंगरांशी बांधलेले एक नाव आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, सर्वांचे भाई कोतवाल, यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानास नाभिक कुटुंबात झाला. ते कायद्याचे पदवीधर होते. चार पैसे मिळवून सुखाने राहण्याइतकी विद्या हातात होती. त्यांनी शेतकऱ्यांसाठी आणि आदिवासींसाठी धान्यकोठ्या उभारल्या. वर सांगितलेली खावटी आठवा, म्हणजे या उद्योगाचे मर्म ध्यानात येईल. श्रावणात कोठीतून भात मिळाले तर रोखा लिहावा लागत नाही. रोखा नसेल तर गहाण नाही. कज्जा उभा राहिल्यावर लढणारे वकील पुष्कळ असतात, कज्ज्याचे मूळच खणणारा विरळा. पुढे १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता काढून त्यांनी मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या तारांचे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर मानिवलीच्या हिराजी पाटलांसह ते पोलिसांच्या गोळीबारात पडले.

कायदा शिकलेल्या माणसाने कायदा मोडावा काय? हा प्रश्न मुंबई हायकोर्टापुढे १९१९ सालीच आला होता. रौलेट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेणाऱ्या अहमदाबादच्या वकिलांना तेथल्या जिल्हा न्यायाधीशाच्या पत्रावरून हायकोर्टाने जाब विचारला. सनदेबरोबर कायदा पाळण्याची जबाबदारी येते, तिच्याशी ही प्रतिज्ञा विसंगत आहे, असे ठरवून ताकीद देण्यात आली. ते पत्र गांधीजींनी छापले म्हणून त्यांच्यावर बेअदबीचा खटला झाला, तो निराळा. १९२२ साली शिक्षेनंतर लंडनच्या इनर टेंपलने त्यांचे नावही काढून टाकले, ते परत घातले १९८८ साली! परक्या सरकारचा कायदा मोडणाऱ्याची सनद आणि गरिबाचा विश्वास मोडणाऱ्याची सनद, या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत, असे माझे मत आहे. पहिल्याने जे केले ते उघड केले, त्याची किंमत स्वतः भरली. दुसऱ्याची किंमत अशील भरतो.

आता लिहिलेल्या नियमांकडे वळू. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात एक सुंदर कलम होते, १११ वे. ज्याच्यावर दुसऱ्याचा विश्वास आहे त्याने त्याच्याशी व्यवहार केला, तर व्यवहार सचोटीचा होता हे सिद्ध करण्याचा बोजा विश्वास मिळवणाऱ्यावर. या कलमाचे पहिलेच उदाहरण अशिलाने आपल्या वकिलाला केलेल्या विक्रीचे होते. २०२३ साली तो कायदा बदलून नवा झाला, पण हे तत्त्व कायम आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात वकिलाने कोर्टात वसूल करता येण्याजोगे दावे स्वतः विकत घेऊ नयेत, अशी बंदी आहे. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टनंतर बार कौन्सिल ऑफ इंडियाने जे नियम केले, त्यात हीच दोरी आणखी आवळली. विरुद्ध पक्षाशी आपला काही संबंध असेल तर वकीलपत्र घेण्यापूर्वी अशिलाला स्वच्छ सांगावे. एका पक्षाला सल्ला दिल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्याचे काम घेऊ नये. ज्या दाव्यात आपण होतो त्यातल्या लिलावात बोली करू नये. अशिलाला खटल्यासाठी कर्ज देऊ नये. त्याच्या पैशाचा हिशेब ठेवावा. १९९७ साली वादातली मालमत्ता अशिलाकडूनच विकत घेणाऱ्या एका वकिलाची सनद वर्षभर बंद ठेवण्याची शिक्षा सुप्रीम कोर्टाने कायम केली. २००० साली त्याच कोर्टाने सांगितले की फी थकली म्हणून अशिलाचे कागद वकिलाला अडकवून ठेवता येत नाहीत. खेड्यातल्या माणसाला हा निकाल ठाऊक असता तर कितीतरी जण दुसऱ्या वकिलाकडे वेळेवर जाऊ शकले असते.

एका नियमावर मात्र मतभेदाला जागा आहे. मिळेल त्यातला हिस्सा घेईन, अशा बोलीवर वकिलाने काम करू नये, असा तो नियम. मुंबईच्या एका ज्येष्ठ वकिलाने वसुलीच्या निम्म्या रकमेचा करार केला होता. १९५४ साली सुप्रीम कोर्टाने तो व्यावसायिक गैरवर्तन ठरवला. अमेरिकेत असे करार सर्रास चालतात, आणि त्यांच्या बाजूने बोलणारे म्हणतात: ज्याच्या खिशात दमडी नाही त्याने वकील कसा करावा? आक्षेप पोकळ नाही. तरीही आपल्या भागाचा इतिहास मला दुसऱ्या बाजूला ओढतो. ज्याचा दाव्यात हिस्सा आहे तो तडजोडीचा सल्ला स्वतःच्या हिश्श्याकडे पाहून देणार. खावटी देणाराही पिकात हिस्साच मागत असे. माणूस सावकाराच्या हातून सुटून वकिलाच्या हातात पडला, एवढाच फरक.

स्वातंत्र्यानंतर कुळकायद्याच्या कामातही वकिलांच्या हजेरीवर बंधन आले. आणि मग १८७९ ची ती जुनी गोष्ट पुन्हा घडली. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा महाराष्ट्राचा कायदा १ नोव्हेंबर १९७५ पासून अमलात आला. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना याचे महत्त्व सांगायला नको. त्या कायद्याच्या ९अ कलमात लिहिले आहे की या कामात कोणाही पक्षाच्या वतीने वकिलाला उभे राहता येणार नाही. सुमारे शंभर वर्षांत दोनदा, एकदा परक्या आणि एकदा आपल्या सरकारने, गरिबाच्या रक्षणाचा विचार करताना प्रथम वकिलाला बाहेर ठेवले! हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. ४ डिसेंबर १९८४ च्या निकालात कायदा आणि ते कलम दोन्ही टिकली. सबळ पक्ष वकिलाची फौज उभी करील आणि दुर्बळ एकटा पडेल, लढाई विषम होईल, असा त्यामागचा विचार.

हा विचार मला अर्धाच पटतो. वकील खोलीबाहेर गेला म्हणून कायदेशीर सल्ला बाहेर गेला असे होत नाही. घेणाऱ्याचा वकील व्हरांड्यात बसतो, अर्ज त्याच्याच हातचा असतो. आत अंगठेवाला मात्र खरोखरीच एकटा असतो. अॅडव्होकेट्स अॅक्टमधले वकिलाला सर्वत्र उभे राहण्याचा हक्क देणारे ३० वे कलम पन्नास वर्षे लागू न होता पडून होते, ते १५ जून २०११ पासून अमलात आले. त्यामुळे अशा बंदीचा वाद पुन्हा जिवंत झाला आहे.

जमिनीचा भाव तर आता आमूलाग्र पालटला. तानसा धरण १८९२ चे. तेव्हापासून शहापूर मुंबईला पाणी देत आले. आता ते रस्ताही देते: समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा या तालुक्यातून जातो, तो ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या मार्गासाठी थेट खरेदीने जमिनी घेतल्या गेल्या. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला घ्यायची तर जमीन महसूल संहितेच्या ३६अ कलमाप्रमाणे शासनाच्या संमतीने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. पण साठेखत, कुलमुखत्यारपत्र, संमतिपत्र अशा कागदांची कमतरता कधीच नसते. खोलीत माणसे अजून तीनच आहेत. फी अजून घेणाराच देतो.

फरक पडला आहे तो एका ठिकाणी. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जातीजमातींच्या माणसाला, स्त्रीला, बालकाला, कोठडीत असलेल्याला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १८७९ च्या ६९ व्या कलमातली ती लहानशी सोय आता हक्क झाली आहे. ही मदत दाव्यापुरती नाही, सल्ल्यालाही आहे. म्हणजे कागदावर अंगठा उठवण्यापूर्वी तो वाचून घेण्यासाठीही तिचा उपयोग आहे. शहापुरास आणि मुरबाडास दिवाणी कोर्टे आहेत, तालुका विधी सेवा समितीचे काम तेथूनच चालते. अर्ज लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितले तरी चालते. तेथला माणूस लिहून घेतो, वाचून दाखवतो आणि खाली अंगठा घेतो.